बाल्सामिक शिरका : नांव एक, वस्तु दोन

इटलींतील मोडेना व रेज्जो एमिलिया येथें द्राक्षांचा ताजा रस आटवून लांकडी पिंपांच्या ओळींत मुरत ठेवितात. पिंपें क्रमानें लहान होत जातात. धाकट्यांतील तूट दरवर्षीं थोरल्यांतून भरून काढितात. निदान १२ वर्षें लोटल्यावांचून या शिरक्यास ‘त्रादित्सियोनाले’, म्हणजे पारंपरिक, म्हणतां येत नाहीं. मोडेनाचा असा शिरका १०० मिलिलिटरच्या ठराविक घाटाच्या कुपींतच भरतात.

दुकानांतील ‘मोडेनाचा बाल्सामिक शिरका’ निराळा. त्यांत द्राक्षरसांत मद्याचा शिरका मिसळलेला असतो. त्यास ६० दिवसही पुरतात. रंगासाठीं कॅरमेल घालण्यासही मुभा आहे. हा माल खोटा नव्हे. कच्च्या भाजीपाल्यास तो उत्तमच. पण पहिल्याच्या किंमतीस दुसरा घरीं आणणें हें नुकसान होय.

यास्तव गृहिणीनें बाटलीच्या डौलास न भुलतां प्रथम तो शब्द शोधावा. तो नसेल तर घटकांची यादी वाचावी. यादींत द्राक्षरस आधीं असेल तर शिरका दाट व गोड. मद्याचा शिरका आधीं असेल तर पातळ व आंबट. रस्सा आटविण्यास साधाच वापरावा. जुन्याचा सुवास आंचेनें उडतो. म्हणून पदार्थ उतरल्यावर, पार्मेजान चीजवर किंवा स्ट्रॉबेरीवर, त्याचे चारच थेंब घालावेत.