राखीव दलातील कर्नल : हॅरी ट्रूमन



ट्रूमन म्हटले की आपणांस अमेरिकेचे अध्यक्ष आठवतात. आम्ही आज स्मरण करणार आहोत ते राखीव दलातील एका अधिकाऱ्याचे.

मिसूरीचे हे शेतकरी. दृष्टी अधू, पदवी नाही. तरी १९१८ साली फ्रान्समध्ये ते तोफखान्याच्या एका तुकडीचे कॅप्टन होते. एका रात्री जर्मन गोळे पडू लागताच माणसे पळाली. ट्रूमन जागचे हलले नाहीत. शिव्यांची लाखोली वाहून त्यांनी पळणाऱ्यांना माघारी आणले.

युद्धानंतर भागीत काढलेले कपड्यांचे दुकान १९२२ साली बुडाले. त्यांनी दिवाळे न काढता वर्षानुवर्षे कर्ज फेडले. उन्हाळ्यात गणवेश चढवून ते राखीव दलाच्या शिबिराला जात. तेथेच कर्नल झाले. दुसऱ्या महायुद्धात सेनेटर असूनही त्यांनी लष्करात जाण्याची इच्छा दर्शविली. जनरल मार्शल यांनी वयाकडे बोट दाखविले.

१९४६ साली आयझॅक वुडार्ड हा घरी परतणारा कृष्णवर्णीय सार्जंट, अंगावर गणवेश असताना, पोलिसांच्या मारहाणीत आंधळा झाला. ट्रूमन हादरले. निवडणूक तोंडावर, स्वपक्षातील दाक्षिणात्य फुटलेले. तरी २६ जुलै १९४८ रोजी त्यांनी सैन्यात सर्व वर्णांना समान वागणूक देण्याचा हुकूम काढला.

हिरोशिमा आणि नागासाकी त्यांच्या खात्यावर आहेत. ते आम्ही पुसणार नाही. पण दुकानाच्या कर्जाप्रमाणे सैनिकांचेही ऋण त्यांनी मानले. गणवेश खुंटीला टांगता येतो, जबाबदारी नाही, एवढे आपण त्यांच्यापासून घ्यावे.