जेम्सटाउन आणि प्लिमथ : एका राष्ट्राचे दोन आरंभ

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले नोव्हेंबर महिना आला की शाळेतून कागदी टर्की आणि उंच काळ्या टोप्या घातलेल्या यात्रेकरूंची चित्रे घरी घेऊन येतात. त्या चित्रांतील जहाज ‘मेफ्लॉवर’, साल १६२०. राष्ट्राचा आरंभ तेथेच झाला, असा त्या बालमनांचा समज होतो. वस्तुस्थिती अशी की, तत्पूर्वी १३ वर्षे, मे १६०७ मध्ये, व्हर्जिनियात जेम्सटाउन ही वसाहत उभी राहिली होती आणि नाना संकटांतून ती टिकलीही होती. थोरल्या भावंडाला मागे सारून धाकट्याला कुळाचा मूळपुरुष का ठरविण्यात आले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

जेम्सटाउनचा जन्म व्यापारातून झाला. राजा पहिला जेम्स याने १६०६ मध्ये व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली आणि तीन जहाजांतून १०४ पुरुष व मुलगे त्या नदीकाठी उतरले. त्यांत एकही स्त्री नव्हती. ज्यांना नांगर धरणे कमीपणाचे वाटे असे ‘सभ्य गृहस्थ’ मात्र पुष्कळ होते. सोने सापडेल आणि दोन-चार वर्षांत गबर होऊन मायदेशी परतता येईल, हा हिशेब. जागा निवडली ती बचावाला सोयीची, परंतु दलदलीची. पिण्याचे पाणी मचूळ. त्यात निसर्गही कोपला. जुन्या वृक्षांच्या खोडांतील वलयांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, १६०६ ते १६१२ हा त्या प्रदेशातील पावणेआठशे वर्षांतील सर्वांत कोरडा सप्तवर्षीय काळ होता. ज्या पौहॅटन लोकांकडून मका मिळवायचा, त्यांचीच कणगी रिकामी होती. मागणीचे रूपांतर बळजबरीत झाले आणि बळजबरीचे युद्धात. १६०९-१०च्या हिवाळ्यात किल्ल्यात कोंडलेल्या सुमारे ३०० जणांपैकी वसंत ऋतूपर्यंत जेमतेम ६० उरले. घोडे, कुत्री, उंदीर, चामड्याचे जोडे, सारे खाऊन झाले. पुढची गोष्ट सांगताना जीभ अडखळते. उत्खननात सापडलेल्या सुमारे १४ वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवर मांस काढण्यासाठी केलेले घाव आढळल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. जुन्या कागदपत्रांत नरमांसभक्षणाचे उल्लेख होतेच. अस्थींनी त्यांना दुजोरा दिला.

जून १६१० मध्ये उरलेसुरले लोक वसाहत सोडून जहाजांत बसलेही होते. नदीच्या मुखाकडे जाताना मदत घेऊन येणाऱ्या नव्या गव्हर्नरच्या ताफ्याशी गाठ पडली आणि त्यांना माघारी फिरावे लागले. एवढ्या बारीक धाग्यावर ती वसाहत लोंबकळत होती!

तिला तारले ते तंबाखूने. जॉन रॉल्फ याने १६१२च्या सुमारास वेस्ट इंडीजमधील वाणाची लागवड केली आणि पाहता पाहता लोक वसाहतीच्या रस्त्यांतही तंबाखू लावू लागले. तंबाखूला जमीन हवी आणि राबणारे हात हवेत. जमीन मूळ रहिवाशांची घेतली. हात आले इंग्लंडमधील करारबद्ध मजुरांचे, एका अर्थी त्या काळचे गिरमिटियेच. १६१९च्या जुलैअखेर येथे वसाहतवाल्यांची पहिली प्रतिनिधी सभा भरली आणि त्यानंतर महिनाभरातच वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान विक्रीसाठी उतरविण्यात आले. लोकशाही आणि दास्य एकाच वर्षी, एकाच नदीवरून आत आली.

हिंदुस्थानच्या वाचकाला येथे एक नाव ओळखीचे वाटावे. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्मिथ हाच व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे प्रमुख कारभारी होता. त्याच लंडनच्या पेढ्यांतून सुरतेच्या वखारीला भांडवल जात होते आणि जेम्सटाउनलाही. सुरतेत १६१३ मध्ये त्यांना मोगल बादशहाच्या फर्मानापुढे वाकावे लागले. व्हर्जिनियात वाकविणारे कोणी नव्हते.

प्लिमथची गोष्ट निराळी. तेथे येणारे बरेच लोक इंग्लंडच्या चर्चपासून फुटून हॉलंडमधील लायडन येथे राहिलेले श्रद्धाळू. बायकामुलांसह, परत न जाण्याच्या निश्चयाने निघालेले. जहाजावर १०२ प्रवासी होते. सनदेच्या हद्दीबाहेर किनारा लागला, तेव्हा काहींनी ‘आता कोणाचीच सत्ता नाही’ अशी भाषा सुरू केली. म्हणून ४१ पुरुषांनी जहाजावरच करारावर सह्या केल्या. मात्र तेही निव्वळ धर्मयात्री नव्हते. लंडनच्या सावकारांचे कर्ज त्यांच्या मानेवर होते आणि ते पुरते फिटायला १६४८ साल उजाडले.

पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातलेही निम्मे मेले. उरलेले जगले, कारण ज्या जागी ते उतरले ते पटुक्सेट हे गाव काही वर्षांपूर्वीच्या साथीत निर्मनुष्य झाले होते. शेते आयती मोकळी पडलेली. त्या गावचा टिस्क्वाँटम नावाचा पुरुष १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकला होता. तो सुटून परतला, तेव्हा गावात कोणीच उरले नव्हते. त्यानेच या परक्यांना मका पेरायला शिकविले. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याने १६२१ मध्ये त्यांच्याशी तह केला आणि तो अर्धशतक टिकला.

आता मूळ प्रश्न. चित्रात प्लिमथच का? कुटुंब, करार आणि प्रार्थना यांची कथा मुलांना सांगता येते. तंबाखू, उपासमार आणि गुलाम यांची सांगता येत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकात शाळांची पुस्तके लिहिणारे विद्वान बहुतांश न्यू इंग्लंडचे. लिंकन यांनी १८६३ मध्ये राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला तेव्हा व्हर्जिनिया फुटीर राज्यांच्या गोटात होती. वाम्पानोआगांचे वंशज मात्र १९७० पासून प्लिमथमध्ये त्याच दिवशी शोकदिन पाळतात.

त्या शोकामागचे वर्ष १६७६. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम इंग्रजांविरुद्धच्या युद्धात ऑगस्टमध्ये मारला गेला. त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लटकविण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे ते तेथे होते. त्याच्या लहानग्या मुलाला गुलाम म्हणून समुद्रापार विकण्यात आले. त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, तिकडे व्हर्जिनियात बंडखोर वसाहतवाल्यांनी स्वतःच्या हातांनी जेम्सटाउन जाळले. प्लिमथची वसाहत १६९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली आणि १६९९ मध्ये व्हर्जिनियाची राजधानी जेम्सटाउनहून विल्यम्सबर्गला हलली.