सुनेची बाजू कोर्टात



जनहित याचिका हा विषय सातारा-सांगलीच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याचं कारण अभिमानानं सांगण्यासारखं नाही. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ मुली होत्या, सांगलीत ८५१. ऊस पिकवणारा, साखर कारखाने उभारणारा हा मुलूख. इथंच नको असलेल्या मुलीचं नाव ‘नकुशी’ ठेवलं जाई.

लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८८चा, केंद्राचा १९९४चा. सोनोग्राफी यंत्रं पसरत गेली, कायदा कपाटात राहिला. दडपणाखाली सोनोग्राफीच्या टेबलावर झोपलेली सून स्वतःच्या घराविरुद्ध कोर्टाची पायरी चढणार कशी? ती पायरी २००० मध्ये जनहित याचिका घेऊन मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज चढले. ४ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र-राज्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. पुढे यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांकडून ग्राहकांच्या याद्याही मागवल्या.

आदेश दिल्लीत निघाला, तरी साक्षीदार गावातच उभा करावा लागतो. साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने हे काम केलं. गरोदर बाईला साक्षीदार म्हणून दवाखान्यात पाठवायचं, व्यवहार पुराव्यानिशी पकडायचा, मग कोर्टाच्या तारखा करत राहायच्या. अशा लढाईत एफ फॉर्म फार मोलाचा. गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायच्या या कागदावर तिला आधीचे मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी, हे सगळं लिहावं लागतं. त्यातल्या त्रुटींना गुन्हा मानू नये, अशी मागणी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने केली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. योग्यच झालं. कोऱ्या रकान्याआड सौदा सहज दडतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या २८५ नकुशींना नवी नावं मिळाली. तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. अशा घटनेनंतर गर्भपात करून घेणाऱ्या प्रत्येक बाईकडे संशयाने पाहिलं जातं, ते मात्र थांबलं पाहिजे. सुरक्षित गर्भपाताला १९७१च्या कायद्याचा आधार आहे. लिंगनिदानाचा कायदाही तिच्यावर नवऱ्याचं, नातेवाइकांचं दडपण होतं असंच धरून चालतो.

याच कायद्याखालच्या सल्लागार समितीच्या दोन बैठकांत साठ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. हे पाळलं जातं का ते पाहण्यासाठी, या परिषदेहून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातल्या समितीची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागवावीत, ही स्वागत समितीची विनंती आहे. अर्जाचे नमुने नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत.