मास्तर व्हायचं, पण कुठल्या वर्गाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतला माणूस, प्राध्यापक नव्हे. पण दरवर्षी निकाल लागले की पोरं-पोरी विहारात येऊन विचारतात, "काका, बी.एड. करू का?" त्याचं उत्तर आज सर्वांसमक्ष देतो.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागणी केली, की प्राथमिक शाळेचा मास्तर शिकवून तयार केलेला असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या याच सोलापुरात वसतिगृह काढले. तेव्हा मास्तर होणे ही नुसती नोकरी नव्हे, ते चळवळीचेच काम आहे.

आता आमची चूक सांगतो. आमच्या पुतणीचा प्रवेश आम्ही एका मध्यस्थाच्या नादी लागून घेतला. सरकारी फेरीतून प्रवेश नसल्याने शिष्यवृत्ती बुडाली, सोसायटीचे कर्ज झाले. सराव पाठ झाले ते टाचणवहीतच! पुढे खरा वर्ग समोर आला, तेव्हा पोरीचे हातपाय कापायला लागले. गिरणीत नवा माणूस जुन्या विणकराशेजारी उभा राहूनच तुटलेला धागा जोडायला शिकतो. हे आम्हाला ठाऊक होते, तरी कॉलेजात जाऊन विचारले नाही.

म्हणून सांगतो, आधी वर्ग ठरवा. पहिली ते पाचवीला शिकवायचे तर बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड., म्हणजे पूर्वीची डी.एड. २०१८ साली या वर्गांना बी.एड.ही चालेल असे ठरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते रद्द ठरवले. वरच्या वर्गांसाठी पदवी आणि बी.एड.; ती २०१५ पासून दोन वर्षांची झाली. टीईटीचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. एम.एड. ही शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवण्यासाठी. नोकरी नाही म्हणून वेळ काढायला ती करू नका.

मग अध्यापन पद्धती. मैत्रिणीने इतिहास घेतला म्हणून आपण घ्यायचा नाही. पदवीला जो विषय पक्का झाला, तोच घ्या. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, कागद बघा. सीईटी देऊन सरकारी फेरीतूनच प्रवेश घ्या. सराव पाठ कुठल्या शाळेत होतात, पाठ बघायला कोण बसतं, हे गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा. नियम बदलत राहतात. प्रवेशाच्या वर्षीचा नियम स्वतः वाचा. आणि पदवी म्हणजे नोकरीची चिठ्ठी नव्हे, हे आईबापांनीही ध्यानात ठेवावे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली. त्यात शिकवलेले शिष्याला नीट समजले पाहिजे, हेही आहे. ज्याला हे जमते, तोच मास्तर.

शेवटी एक विनंती. फॉर्म भरण्याआधी एक महिना रोज संध्याकाळी विहारात या. वस्तीतल्या पाचवी-सहावीच्या लेकरांना भागाकार शिकवा. लेकराला तो समजला आणि तुम्हाला त्याचा आनंद झाला, तर खुशाल बी.एड. करा. कंटाळा आला, तर दुसरी वाट धरा. त्यात कमीपणा नाही. पण आपल्या लेकरांपुढे कंटाळलेला मास्तर उभा करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!