भीतीचे वाचक

(वडवणी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सार्वजनिक वाचनालयातली भयकथाकार नारायण धारपांच्या एखाद्या पुस्तकाची जुनी प्रत हातात घेऊन बघा. पुठ्ठा सुटलेला असतो, पानं मऊ पडलेली असतात आणि शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं बजावलेलं असतं, ‘रात्री वाचू नये.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘वाचली. झोप उडाली.’ समीक्षेच्या जाडजूड ग्रंथांत धारपांना चार ओळी मिळायची मारामार. वाचकांनी मात्र आपला अभिप्राय पुस्तकातच नोंदवून ठेवला. मला तो मोलाचा वाटतो, कारण पुस्तकानं जे करायचं ठरवलं ते केलं की नाही, याचं थेट उत्तर त्यात आहे.

ही उपेक्षा एकट्या धारपांच्या वाट्याला आली असं नाही. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांपायी कितीतरी लोकांना वाचनाची गोडी लागली. पण जे खपतं ते हलकंच असणार, असं आपल्याकडे फार लवकर ठरून गेलं. रत्नाकर मतकरींना थोडा मान मिळाला. त्यांच्या गूढकथेत भुतापेक्षा माणसाच्या मनाला जागा अधिक, म्हणून ती पचली असावी.

समीक्षकांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या 1975 सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली, आणि ‘शपथ’ त्याच्याच 1986 सालच्या ‘इट’वर. मूळ लेखकाचं नाव पहिल्याच पानावर ठळक छापायला हवं, यात दुमत नको. पण ‘उसनं आहे’ एवढं म्हणून पुस्तक मिटलं, की खरा अभ्यास राहूनच जातो. परक्या देशातलं भय मराठी घरात नांदलं कसं?

‘आजी’ ही कथा घ्या. तीही किंगच्याच ‘ग्रामा’वरून आलेली. घरात एकटा मुलगा आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आजी. बस्स, एवढंच. तो घर सोडून पळू शकत नाही, कारण आजीला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर आहे. आतून हाक आली की उठून जावंच लागणार. भीती तिथं आहे: ज्याला घाबरायचं, त्याचीच सेवा करायची. ही कथा वडवणीत वाचली जाते तेव्हा आणखी काहीतरी घडतं. दसरा सरला की इथली कितीतरी घरं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. रात्री वीज गेलेली असताना आजीचा श्वास ऐकत जागं राहिलेल्या पोराला या कथेत परकं काय वाटेल? ती आजीच आईबापाच्या मायेनं त्याला सांभाळत असते, हेही त्याला ठाऊक असतं. माया आणि धास्ती एकाच खोलीत असण्याचा हा अनुभव समीक्षेनं कधी विचारात घेतलेला नाही. त्यासाठी इथल्या वाचकाला विचारावं लागेल.

2018 मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. साखळीनं जखडलेल्या म्हातारीचा त्यातला भाग धारपांच्या याच कथेतून उगवलेला. 2024 मध्ये चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. भरपूर लिहून आलं: लोभ, सरंजामी वाडे, पाऊस. आनंद आहे. पण हीच नजर तीस-चाळीस वर्षांपूर्वी छापील पानाकडे का वळली नाही?

आता हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’सारख्या कादंबरीची चर्चा गंभीरपणे होते. तरीही अशा पुस्तकाचं कौतुक करताना ‘ही नुसती भयकथा नाही’ अशी पुस्ती जोडायची सवय जात नाही. माझा विरोध त्या पुस्तीला आहे. वाचकाला भर दुपारी, माणसांनी भरलेल्या घरात, दाराकडे वळून बघायला लावणं सोपं नसतं. ते कुठल्या वाक्यानं साधलं, कुठं लेखकानं माहिती दडवली आणि कुठं घाई करून घात केला, हे सांगणं समीक्षकाचं काम आहे.