परसबागेतली २० मिनिटं
(महिला मेळाव्यातील मनोगत)



'उमेद'च्या पोषण परसबागेत आपण मेथी, पालक, शेवगा लावला तो ताटासाठी. आज मी मनाबद्दल बोलणार आहे.

कितीजणींच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे? माझ्या घरी सासूबाई होत्या. अर्धांगवायू. कूस बदलायची, भरवायचं, धुवायचं. मधेच ऊस खुरपायला पळायचं. एक दिवस मी त्यांच्यावर ओरडले. मग मोरीमागं, सांडपाण्यावरच्या अळूपाशी बसून रडले. रडता रडता सुकलेली पानं काढत राहिले अन् जीव शांत झाला. तेव्हापासून रोज २० मिनिटं तिथंच.

मेथी महिन्याभरात काढायला येते. आजारपणाचं तसं नसतं. कितीही केलं तरी फरक दिसत नाही. म्हणून आपल्या हातानं काहीतरी वाढताना दिसायला हवं.

पण ती २० मिनिटं मिळाली कशी? गटातली एक ताई सासूबाईंपाशी बसायची म्हणून. तेव्हा पुढच्या बैठकीत बचतीबरोबर हेही विचारा : कुणाच्या घरी आजारपण आहे? कोण, कधी बसणार?

इंदापूरकडच्या म्हणतील, उन्हाळ्यात पाणी कुठंय? फुटक्या माठात कोथिंबीर लावा, भाजी धुतलेलं पाणी घाला. तेवढं पुरतं.

आणि बाग म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ लावा. सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. त्यात लाज कसली? दुसऱ्याला सांभाळणारीलाही कुणी सांभाळायला हवं.