नौकेचं सरकतं झाकण

पावसाळ्यात आपल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांची दारं फुगतात आणि खांदा लावल्याशिवाय मिटत नाहीत. घरी त्याचं हसू येतं. शिडाच्या नौकेवरही असंच एक दार असतं. ते अडकलं तर हसू येत नाही.

डेकवरून खालच्या खोलीत उतरायच्या शिडीवर एक सरकतं झाकण असतं. ते पुढे ढकललं की वाट मोकळी होते. वाट बंद करायची तर उभ्या खाचांत दोन-तीन फळ्या सोडायच्या आणि झाकण मागे ओढून घ्यायचं. दिलीप दोंदे २०१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले, अभिलाष टॉमी २०१३ मध्ये कुठेही न थांबता आले. आपण त्यांच्या शिडांविषयी आणि वादळांविषयी बोलतो. या झाकणाविषयी कोणी विचारत नाही!

मित्राची छोटी नौका मुंबई बंदरात असते. मांडव्याहून परतताना तिचं झाकण नेमकं अर्ध्यावर अडकलं आणि दोन लाटा थेट खाली गेल्या. गाद्या भिजल्या, बॅटरी भिजली. मित्राचा उपाय ठरलेला, मेणबत्ती घासायची. मी म्हटलं, एकदा काढून बघू. पितळी स्क्रू सोडवायलाच दुपार गेली. झाकण गाडीच्या टपावर बांधून पुण्यात आणलं आणि भवानी पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे फुगलेलं नाही. बसलंय.’’

बरोबर होतं. झाकणाला मधे थोडा उंचवटा असतो. त्यावर वर्षानुवर्षं पाय पडले, खालच्या आडव्या पट्ट्यांचा सरस सुटला, उंचवटा दबला आणि कडा बाहेर सरकून रुळांना घासू लागल्या. रंधा मारला असता तर चार महिन्यांत पुन्हा तेच. मिस्त्रींनी जुन्या सागवानाच्या दोन पट्ट्या त्याच गोलाईत कापून इपॉक्सीनं बसवल्या. रुळांवर गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी आली. खाली उजेड यावा म्हणून मधे ॲक्रिलिकचा तुकडा घातला. त्याची भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवायची, कारण उन्हात तो लाकडापेक्षा जास्त प्रसरतो. आवळून बसवला तर तडकतो. रुळांच्या मागच्या टोकांना पाणी निघायला भोकं पाडली. ती आधी नव्हतीच, याचं मला आजही नवल वाटतं.

फळ्यांचं काम मात्र मी सोडू दिलं नाही. त्या वर रुंद, खाली अरुंद असतात. जराशा उचलल्या की निघतात. घाईत हे सोयीचं, पण नौका उलटली तरी तितक्याच सहज निघतात. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडकडच्या फास्टनेट शर्यतीत वादळानं १५ स्पर्धक दगावले. त्यानंतरच्या चौकशीत अशा निसटलेल्या फळ्यांचा आणि उघड्या पडलेल्या वाटांचा विषय निघाला. खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत आता फळ्या दोरीनं नौकेला बांधलेल्या असाव्या लागतात, आणि झाकणाची कडी आतून तसंच बाहेरून चालावी लागते. आम्ही प्रत्येक फळीला दोरी ओवली. कडीचं गाडं अडलं, कारण बाजारात मिळाली ती एकाच बाजूनं फिरायची. शेवटी मिस्त्रींनी एक दांडा आरपार घालून दोन्हीकडे मूठ बसवली.

झाकण बसवल्यावर मित्र खाली उतरला, त्यानं आतून कडी लावली. मी बाहेरून काढली. मग आम्ही जागा बदलल्या.